एमपीएच कुठून करावे आणि त्यासाठी किती कर्ज काढावे

उमरेड तालुक्यातील एका उपकेंद्रात दोन वर्षांपासून समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी सविस्तर पत्र लिहून सल्ला विचारला आहे. त्या नागपुरातून बीएएमएस झाल्या आहेत. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीसाठी, म्हणजे एमपीएचसाठी, त्यांना तीन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. अमेरिकेतील एका खासगी विद्यापीठाने शुल्कात सवलत दिली आहे, तरी दोन वर्षांचा एकूण खर्च ६० लाख रुपयांच्या घरात जातो. भारतातील एका न्यासाच्या संस्थेत राहण्या-जेवणासह साधारण १० लाख लागतील आणि केंद्र सरकारच्या एका संस्थेत ४ लाखांत भागेल. वडील शिक्षक म्हणून निवृत्त झाले असून त्यांच्या निवृत्तीच्या रकमेतून ते २० लाख द्यायला तयार आहेत. उरलेल्या ४० लाखांसाठी मानेवाड्याचे घर तारण ठेवावे लागेल. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की, नाव मोठे असलेल्या विद्यापीठासाठी हे धाडस करावे का?

पुढचे उत्तर मी थेट तुम्हालाच उद्देशून लिहितो. विदर्भातील जिल्हा पातळीवरच्या आरोग्य कार्यक्रमांत आणि निवड समित्यांवर मी बरीच वर्षे काम केले आहे. त्या आधारे माझे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. घर तारण ठेवून ४० लाखांचे कर्ज काढू नका. सरकारी संस्थेतील जागा हातची जाऊ देऊ नका. परदेशाचा विचार सोडून द्यावा असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्याचा एक वेगळा आणि तुमच्यासारखीला साधणारा मार्ग आहे.

प्रथम कर्जाचा हिशोब मांडू, कारण पत्रात तुम्ही फक्त मुद्दलाचा विचार केलेला दिसतो. समजा, ४० लाखांपैकी २० लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला आणि २० लाख दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले आणि व्याजदर ११ टक्के पडला. शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याज थांबत नाही. साध्या व्याजाने मोजले तरी त्या तीन वर्षांत ११ लाख रुपये साचतात आणि ते मुद्दलात मिळवले की परतफेड ५१ लाखांवर सुरू होते. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता ७० हजारांच्या वर जातो. पंधरा वर्षांची घेतली तर तो सुमारे ५८ हजारांवर येतो, पण एकूण परतफेड १ कोटी ४ लाखांच्या घरात पोचते. शिक्षण चालू असताना व्याज भरत राहिलात तर हा भार कमी होतो हे खरे, परंतु ते व्याज पहिल्या वर्षी महिन्याला १८ हजार आणि पुढे ३६ हजारांहून अधिक होते आणि ते वडिलांच्या निवृत्तिवेतनातूनच जाणार.

यात रुपयाची घसरण धरलेली नाही. २०१४ च्या मध्यास डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या मध्यास तो ८३ रुपयांच्या पुढे गेला होता. दुसऱ्या वर्षाचे शुल्क तुम्ही एक वर्षानंतरच्या दराने भरणार आहात आणि विद्यापीठे दरवर्षी शुल्कही वाढवतात. शुल्कवाढ ४ टक्के आणि घसरण ३ टक्के धरली, तरी दुसऱ्या वर्षाच्या ३० लाखांत दोन लाखांची भर पडते. मंजूर कर्ज मात्र रुपयांत असते आणि ते आपोआप वाढत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे मिळकत. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून महाराष्ट्रात २५ हजार रुपये निश्चित मानधन आणि कामगिरीवर आधारित १५ हजारांपर्यंत मोबदला मिळतो, म्हणजे चांगल्या महिन्यात तुमच्या हातात ४० हजार येतात. एमपीएच झालेल्या आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी अशा शाखांच्या) पदवीधरांना राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा साथरोगतज्ज्ञासारख्या कंत्राटी पदांसाठी अर्ज करता येतो. माझ्या पाहण्यात आलेल्या जाहिरातींत या पदाचे मानधन ३५ हजारांच्या आसपास असते. म्हणजे दोन वर्षे शिकून, त्या काळातले सुमारे साडेनऊ लाखांचे उत्पन्न सोडून, सुरुवातीला तुम्ही आजच्या पातळीवर किंवा तिच्याही किंचित खाली येऊ शकता. स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प आणि तांत्रिक साहाय्य देणाऱ्या संस्थांत सुरुवात साधारण ४० ते ६० हजारांवर होते आणि चार-पाच वर्षांत ती बरीच वाढते. या क्षेत्रात वाढ होते, पण ती उशिरा होते, हे कर्ज काढण्यापूर्वी पक्के ध्यानात घ्यायला हवे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण प्रवेश देणाऱ्या संस्था ती सहसा सांगत नाहीत. तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी ही नियमित पदे राज्याच्या सेवाप्रवेश नियमांनी बांधलेली आहेत आणि एमपीएच पदवी कुठलीही असो, केवळ तिच्या जोरावर ती तुम्हाला खुली होणार नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाच्या स्वतंत्र संवर्गाची शिफारस आहे आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वेही काढली, पण भरती राज्यांच्या हाती असते. तो संवर्ग उद्या येईल या भरवशावर आज कर्ज काढू नये. त्याऐवजी एक संध्याकाळ काढून राज्य अभियान, नागपूर महानगरपालिका आणि विदर्भातील जिल्हा परिषदांच्या मागील तीन वर्षांच्या जाहिराती उघडा आणि बीएएमएससह एमपीएच चालणारी पदे किती, त्यांचे मानधन किती आणि परदेशी पदवीला त्यात काही वेगळे स्थान आहे का, ते स्वतः मांडून पाहा. मला तरी जिल्हा पातळीच्या जाहिरातींत परदेशी पदवीला जादा गुण दिलेले कधी दिसले नाहीत.

तुम्ही कदाचित म्हणाल की, मी परत येणारच नसेन तर हा हिशोब कशाला? तिथेच नोकरी मिळाली तर डॉलरमधल्या पगारातून हे कर्ज चार-पाच वर्षांत फिटू शकते, हे मी मान्य करतो. पण त्या शक्यतेचे वजन नीट करा. शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याची परवानगी साधारणतः १२ महिन्यांची असते आणि विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडणाऱ्या अभ्यासक्रमांनाच आणखी २४ महिने मिळतात. सर्वसाधारण एमपीएच बहुधा त्या गटात येत नाही, साथरोगशास्त्र किंवा जैवसांख्यिकीतील विशेष शाखा येऊ शकते. व्हिसासाठी विद्यापीठाकडून येणाऱ्या आय-२० या प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचा सीआयपी, म्हणजे वर्गीकरणाचा क्रमांक लिहिलेला असतो. प्रवेशपत्रावर शाखेचे नाव काहीही असले तरी निर्णय त्या क्रमांकावर होतो, म्हणून तो आधी मागवून घ्या. शिवाय २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था बंद झाली, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य व संशोधन संस्थांत मोठी कपात झाली आणि अनुभवी माणसे एकदम नोकरीच्या शोधात उतरली. जागतिक आरोग्याच्या ज्या नोकऱ्यांकडे पाहून आपली मुले तिकडे जात, त्यांचाच हा आटलेला भाग आहे. तुमची बीएएमएस तिथे वैद्यकीय व्यवसायाचा परवाना देत नाही आणि एमपीएचही देत नाही, त्यामुळे नोकरी लांबली तर प्रॅक्टिस करून हप्ता भरण्याची सोय नाही.

मला सर्वात जास्त काळजी मात्र वेगळ्याच गोष्टीची वाटते. सार्वजनिक आरोग्यात पहिली दोन-तीन वर्षे कुठे जातात यावर पुढची सगळी वाट ठरते. ज्या ठिकाणी माणूस खरे शिकतो, भामरागडचा मलेरिया असो, मेळघाटातले बालमृत्यू असोत, की गोंदिया-चंद्रपूरकडचा सिकलसेल असो, ती ठिकाणे सुरुवातीला भरपूर पगार देत नाहीत. ७० हजारांचा हप्ता डोक्यावर असलेली व्यक्ती तिथे जाऊ शकत नाही, मग तिची इच्छा कितीही असो. तिला विमा कंपनीत दावे तपासण्याची किंवा औषध कंपनीत अहवाल लिहिण्याची नोकरी घ्यावी लागते. ही कामे कमी प्रतीची नाहीत, पण तुम्ही पत्रात ज्या कामाबद्दल इतक्या आस्थेने लिहिले आहे, ते हे नव्हे. पुढच्या दहा वर्षांत कोणते काम नाकारता येईल आणि कोणते स्वीकारता येईल हे तुमच्या कर्जाचा आकडा ठरवणार आहे, आणि संस्था निवडताना मी सर्वात वर हीच कसोटी ठेवीन.

परदेशी शिक्षणाला माझा विरोध नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दोघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समधून १९८४ मध्ये एमपीएच केले आणि परतल्यावर १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्यांचा घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांत हा उपक्रम राबवून ४७ गावांशी तुलना केली होती आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दाखवले होते. पुढे आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच धर्तीवर आला आणि तुमच्या उपकेंद्रातील आशाताई आज जे तक्ते भरतात त्यांचे मूळ तिथे आहे. या कामात पदवीने काय दिले ते पाहा. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजणे, तुलनेसाठी गावे निवडणे, फरक योगायोगाचा आहे की खरा हे तपासणे, ही संशोधनाची पद्धत त्यामागे होती. ही पद्धत आज भारतातही उत्तम शिकवली जाते. म्हणून संस्था निवडताना साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी कोण शिकवते, कसे शिकवते आणि प्रत्यक्ष क्षेत्रात किती महिने ठेवते, याची चौकशी आधी करा. इमारत, क्रमवारी आणि माहितीपुस्तिकेतील छायाचित्रे यांना त्यानंतरचे स्थान द्या.

भारतातले पर्याय आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्या शुल्कात जमीनअस्मानाचा फरक आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेतील अच्युत मेनन केंद्र, चंडीगडची पीजीआय, कोलकात्याची १९३२ पासूनची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही नावे या क्षेत्रात आदराने घेतली जातात. जेएनयूत तर वर्षाचे शिक्षणशुल्क काही शेकड्यांतच असते. गांधीनगर, हैदराबाद, भुवनेश्वर येथील भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थांचे शुल्क बरेच जास्त असते. आपल्याकडे सावंगी (मेघे) येथील अभिमत विद्यापीठातही एमपीएच आहे. घराजवळचा पर्याय म्हणून त्याचा विचार होतो, पण केवळ जवळ आहे म्हणून कुठलीही संस्था निवडू नये आणि केवळ दूर आहे म्हणून टाळूही नये.

तुमच्या दोन भारतीय पर्यायांतील अंतर ६ लाखांचे आहे आणि हे अंतर अमेरिकेसारखे जीवघेणे नाही. ४ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता साडेआठ हजार पडतो. १० लाखांचे कर्ज सात वर्षांत फेडायचे तर तो साडेसोळा हजारांच्या आसपास जातो. दोन्ही निभतात. त्यामुळे येथे पैशाला निर्णय करू देऊ नका, फक्त पुरावा मागू द्या. न्यासाच्या संस्थेला लिहा की, मागील दोन तुकड्यांतील एमबीबीएस नसलेले विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे कळवा. एमबीबीएस नसलेले, हे शब्द मुद्दाम घाला, कारण एकत्रित आकड्यांत सेवेतून पाठवलेले सरकारी डॉक्टर मिसळलेले असतात आणि त्यांची नोकरी आधीपासूनच असते. उत्तरात फक्त टक्केवारी आली तर प्रश्न टाळला असे समजा. त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या आयुष किंवा दंतवैद्यक पदवीधरांपैकी दोघा-तिघांशी स्वतः फोनवर बोला आणि त्यांना एकच गोष्ट विचारा की, लघुप्रबंधाची माहिती तुम्ही स्वतः गावांत जाऊन गोळा केली का आणि तिचे विश्लेषण स्वतः केले का. या उत्तरातून अभ्यासक्रमाचा कस कळतो. निवड समितीत बसल्यावर आम्हीही उमेदवाराला लघुप्रबंधाबद्दलच सर्वात खोलात विचारतो आणि विश्लेषण दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर ते तिसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते.

दोन्ही संस्थांना आणखी एक विचारा. लघुप्रबंध आपल्या जिल्ह्यात करू देतात का? शिक्षण केरळात किंवा गुजरातेत झाले तरी अभ्यासाचा विषय विदर्भातला असला, तर परत येताना तुमच्या हातात येथल्या आरोग्य यंत्रणेला उपयोगी पडणारे काहीतरी असते. नागपुरात विषयांची वाण नाही. २०१६ मध्ये नागपूर आणि आसपासच्या शहरांसाठी उष्णता कृती आराखडा तयार झाला, पर्यावरणीय आरोग्याच्या अभ्यासासाठी नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था शहरातच आहे आणि यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीतून झालेल्या विषबाधांनी कीटकनाशकांचा प्रश्न किती गंभीर आहे हे दाखवून दिले. उपकेंद्रात दोन वर्षे काढलेल्या व्यक्तीला असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीची नोंद प्रत्यक्षात कशी होते आणि कुठे अडते हेही ठाऊक असते. त्या जाणिवेचा शास्त्रीय अभ्यास करणारी माणसे फार थोडी आहेत आणि तुम्ही त्यांपैकी एक होऊ शकता.

पैशाच्या सोयीबद्दल थोडे. केंद्र सरकारच्या संस्थेतील शिक्षणासाठी पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेतून तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी कुठली सरकारी शिष्यवृत्ती वा व्याजसवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. न्यासाच्या संस्थेचे नाव त्या योजनेच्या यादीत आहे की नाही, ते पोर्टलवर पाहा, कारण खासगी संस्थांपैकी निवडकच त्यात आहेत. ही योजना परदेशी शिक्षणाला लागू नाही. शिक्षणकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षे वजावट मिळते, मात्र ती जुन्या करप्रणालीतच मिळते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरील शिष्यवृत्ती तुमच्या प्रवर्गाला आणि त्या विशिष्ट संस्थेला लागू आहे का, हे प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेच्या शिष्यवृत्ती कक्षाकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर पहिला हप्ता भरून पुढे अडकलेली मुले मी पाहिली आहेत.

आता परदेशाचा तो वेगळा मार्ग. सार्वजनिक आरोग्य हे असे क्षेत्र आहे की त्यात अनुभवी उमेदवाराला पूर्ण शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता नव्या पदवीधरापेक्षा बरीच जास्त असते. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमचा झाला आहे. तिच्यासाठी शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे, जी तुम्हाला अडचणीची वाटू नये. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीत सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे आणि तिला तीन वर्षांचा अनुभव लागतो. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती आणि युरोपातील इरॅस्मस मुंडसचा सार्वजनिक आरोग्याचा संयुक्त अभ्यासक्रम, हेही पाहण्याजोगे आहेत. तुम्ही प्रवर्गाचा उल्लेख केलेला नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यात विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असावे लागते. आदिवासी, इतर मागास आणि मराठा विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचाव्यात. तुम्हाला मिळालेली सवलत ही विद्यापीठाने स्वतःच्या शुल्कात दिलेली सूट आहे. तिने तुमची गुणवत्ता सिद्ध होते, पण ६० लाखांचा खर्च उरतोच.

वडिलांबद्दलही बोलायला हवे. त्यांनी २० लाख देऊ केले, यात त्यांचे मोठे मन दिसते. पण निवृत्तीनंतर ही रक्कम पुन्हा उभी राहत नाही आणि तारण ठेवलेले घर हेच त्यांचे राहते घर आहे. हप्ता चुकला तर बँक आधी सहकर्जदाराच्या, म्हणजे त्यांच्या दारात येते. त्यांच्याशी बोलताना फक्त प्रवेशाचे पत्र दाखवू नका, वरचा व्याजाचा हिशोबही कागदावर मांडून दाखवा. आईलाही त्या चर्चेत बसवा. घर त्यांचेही आहे.

पुढच्या दोन आठवड्यांत करण्यासारखे एवढे आहे. सरकारी संस्थेचे प्रवेशशुल्क मुदतीत भरा, त्याच वेळी रद्द केल्यास किती परत मिळते ते लेखी विचारून ठेवा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील तुमच्या सध्याच्या कराराचा राजीनामा प्रवेश पूर्ण निश्चित झाल्यावरच द्या आणि करारातील पूर्वसूचनेची मुदत व प्रशिक्षणाच्या बंधपत्राची अट वाचूनच द्या, कारण सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्याची तरतूद अशा बंधपत्रांत असते. न्यासाच्या संस्थेकडून माजी विद्यार्थ्यांची माहिती मागवा आणि ती समाधानकारक आली तरच तिचा विचार पुढे न्या. अमेरिकेतील विद्यापीठाला नकार कळवू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का आणि सवलत तशीच राहील का, असा साधा ईमेल ठेव भरण्याच्या तारखेआधी पाठवा. ते हो म्हणाले आणि दरम्यान एखादी पूर्ण शिष्यवृत्ती हाती आली, तर त्या वेळी तुमच्यापुढे खरी निवड असेल आणि त्यात मानेवाड्याच्या घराचा प्रश्न नसेल. चेव्हनिंगचे अर्ज साधारणतः ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. शिफारसपत्रांसाठी तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि महाविद्यालयातील एका प्राध्यापकांना जुलैतच भेटून ठेवा, म्हणजे त्यांनाही तुमच्या उपकेंद्रातील कामाबद्दल नीट लिहायला वेळ मिळेल.